शिट्टीचा पत्ता

मुंगीला मुंगी हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं. लहानपणी ती अंगणात पालथी पडून मुंग्यांच्या रांगेत काडी आडवी घालायची आणि त्या कुठून वळसा घेतात ते बघत बसायची. जेवायला हाक मारली तरी तिला ऐकू जायचं नाही. मोठी होऊन ती विद्यापीठात गणित शिकवायला लागली, डोळ्यांवर चष्मा चढला, केसांत पांढरा धागा दिसायला लागला, तरी घरात मुंगी ती मुंगीच राहिली. आणि कामासाठी विषय तरी कोणता निवडावा? पुन्हा वाटांचाच.

माणसांच्या ओळखीपाळखीचं एक अवाढव्य जाळं असतं. ते अख्खं जाळं कुणालाच दिसत नाही. प्रत्येकाला दिसतात ती आपापली माणसं, फार तर त्यांच्या सासुरवाडीची. मग एखादी वस्तू दूरच्या अनोळखी माणसाकडे हातोहात पोचवायची ठरवली, आणि प्रत्येकानं ती ‘हा माझ्यापेक्षा त्याच्या जवळचा असेल’ असं वाटेल त्या ओळखीच्या माणसाला दिली, तर ती पोचेल का? पोचली तर सरळ पोचेल, की गावभर उनाडक्या करून? मुंगीला हे मोजायचं होतं. म्हणजे निघालेल्यांपैकी किती वस्तू पोचल्या, हे एक. आणि पोचलेल्यांना किती हात लागले व खरं म्हणजे कमीत कमी किती पुरले असते, हे दुसरं. त्यासाठी वस्तू पोचली की ज्याला पोचली त्याच्या ओळखींची चौकशी करायची आणि तिथून उलटं चालत जवळची वाट हुडकायची.

तिनं खाकी पुठ्ठ्याच्या लहान डब्या करवून घेतल्या. आत एक लाकडी मणी, झाकणावर पोचवायच्या माणसाचं नाव, गाव, व्यवसाय आणि खाली विभागाचा मोबाइल नंबर. पोचवायची माणसं आधी विचारून, होकार घेऊन निवडलेली. अट एकच होती. ज्याच्या घरी न कळवता जाता येतं अशाच माणसाच्या हाती डबी द्यायची, आणि देताना त्या नंबरवर दोन ओळी पाठवायच्या. मुंगीनं आपल्या खोलीच्या भिंतीवर मोठा नकाशा लावला, प्रत्येक डबीला एक रंगीत दोरा ठरवला आणि वाट बघत बसली.

डब्या निघाल्या वाजतगाजत आणि बसल्या ठाण मांडून. एक दाताच्या डॉक्टरांच्या खणात कवळ्यांच्या साच्यांशेजारी पडली. एक बँकेतल्या बाईंच्या फ्रिजवर जाऊन विसावली. एकीतला मणी हरवून तिच्यात कुणाच्या तरी मुलानं भुंगा ठेवला. मुंगी फोन करून विचारायची तेव्हा लोक अगदी गोड बोलायचे. अहो, राहूनच गेलं. उद्या देतोच. उगाच कुणाला कशाला त्रास, असं वाटलं. भिंतीवरचे दोरे दोनतीन टाचण्यांपर्यंत जाऊन लोंबायला लागले.

तिच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतंच सर म्हणत, कानावर पेन्सिल ठेवून तीच टेबलभर शोधणारे गृहस्थ होते. रोज सकाळी येऊन ते नकाशासमोर उभे राहत आणि नुसते दोरे बघून जात. एके दिवशी मात्र बोलले. परिषदेत निबंध वाचायचा होता आणि त्यांच्या मते आता लिहायला एकच गोष्ट उरली होती, की माणसांना या जाळ्यात वाट सापडत नाही. मुंगीला ते पटेना. पण हातात दाखवायला होतं काय? लोंबते दोरे.

अशात एक दिवस विभागाच्या मोबाइलवर निरोप आला. ‘डबी मिळाली. मी बंदराच्या लाँचवर तिकिटं फाडते. माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं दिली. शिट्टीबाईंना शोधायला आमचे जुने इंजिनमिस्त्री बरे, त्यांना सगळं बंदर ओळखतं. त्यांच्याकडे देतेय. सापडल्या तर मला कळवा हं, नाहीतर चैन पडणार नाही.’

मुंगीनं यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली. शिट्टीबाई नावाचं कुणी नव्हतं. बंदरात पोचवायचं तर कुणीच नव्हतं. बहिणीचा नवरा कोण म्हणून तिनं उलटा निरोप पाठवला, तर उत्तर आलं की तो तुमच्याच शहरात नळांची कामं करतो. मुंगीनं डोक्याला हात लावला. गेल्याच आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला होता.

ती घरी आली तेव्हा आई शेंगा निवडत बसली होती आणि बाबा खिडकीशी एका जुन्या रेडिओचं पोट उघडून त्यात डोकं घालून होते. मुंगीनं पिशवीही खाली ठेवली नाही. माझी एक डबी कमी आहे, एवढंच म्हणाली.

“एक कुठली? चांगली टोपलीभर पडली होती,” आई म्हणाली. “त्यातली एक घेतली तर काय आभाळ कोसळलं?”

“आई, हा प्रयोग आहे. त्यात असं मधेच काही घुसडता येत नाही.”

“घुसडलं कुठे? तुझ्या नियमानंच दिली की. प्लंबर आपल्याकडे न कळवता येतो, मी त्याच्याकडे न कळवता जाते. आणि सासुरवाडी बंदरात आहे त्याची.”

बाबांनी रेडिओतून डोकं बाहेर काढलं नाही, पण त्यांचे खांदे हसताना हलले.

मग सगळं बाहेर आलं. लग्नाआधी आई टायपिंग शिकायला मोठ्या शहरात मुलींच्या वसतिगृहात राहत होती, हे मुंगीला माहीत होतं. खोलीत एक मैत्रीण होती हेही ओझरतं ठाऊक होतं. त्या मैत्रिणीचं नाव शिट्टी आणि आईचं नाव घड्याळ, हे मात्र तिनं पहिल्यांदाच ऐकलं. आई वेळेची पक्की, म्हणून घड्याळ. आणि ती दुसरी अशी शीळ घालायची की शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं पिशव्या ठेवून रस्त्यावर येत. तिला रोज परतायला उशीर व्हायचा. फाटक बंद झालेलं असायचं. मग ती खालून शीळ घालायची, दोन आखूड आणि एक लांब ओढलेली, आणि आई अनवाणी जिना उतरून कडी काढायची. पुढे शिट्टीचं लग्न जहाजांवर काम करणाऱ्याशी झालं, ती बंदराकडे गेली. दोघींची घरं बदलली, पत्ते बदलले, पत्रं परत आली. आईनं मोबाइलवर शोधून पाहिलं होतं. माहेरच्या नावाच्या ढीगभर बायका निघाल्या, त्यांत ती नव्हती. सासरचं आडनाव तर लग्नाच्या धांदलीत एकदाच कानावर पडलेलं, ते केव्हाच पुसलं गेलं होतं.

म्हणून आईनं डबीच्या झाकणावर खऱ्या नावाऐवजी नुसतं ‘शिट्टी’ घालून खाली बाईच लिहून काढली होती. डावखुरी. पाय एवढे मोठे की दुकानातली चप्पल होत नाही. गुलाबाला गुलाब जोडायचं वेड. हिशेबात कच्ची. शीळ घालते, आणि अशी की एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. आत मणी काढून तिथं आपला नंबर आणि एक ओळ घातली होती. ‘आहेस का गं अजून?’

मुंगीचा राग त्या ओळीपाशी विरघळला. पण वरकरणी तिनं तो धरून ठेवला. ही डबी मोजणीत धरणार नाही, असं बजावलं. आणि एक वचन घेतलं. डबी जिथं जाईल तिथं जाऊ दे, आईनं मधे फोन करायचा नाही, मुंगीही करणार नाही. आई लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

मोजणीत धरणार नाही असं म्हणून मुंगीनं दुसऱ्याच दिवशी नकाशावर एक लाल दोरा बांधला.

तो दोरा चालायला लागला. इंजिनमिस्त्रींचा निरोप आला, तो त्यांच्या नातीनं लिहून पाठवलेला. बंदरातल्या कामगारांच्या मेळाव्यात एका बाईनं शिळेवर अख्खं गाणं वाजवलं होतं, ते त्यांना आठवत होतं. पेटीवर साथीला गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्या आता डोंगरापलीकडच्या गावी असतात, भाचा तिकडेच चाललाय, त्याच्यासोबत पाठवतो, म्हणजे मीच दिल्यासारखं झालं. मुंगीनं नियमात हे बसतं का याचा विचार केला आणि बसवलं.

लाल टाचणी समुद्र सोडून डोंगरात गेली. सर सकाळी आले, थांबले, आणि पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले. ही कोण, असं त्यांनी विचारलं. मुंगीनं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं, आता शिस्तीवर व्याख्यान होणार. सरांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, गाण्याच्या बाई आता कुणाला देतील असं तुला वाटतं?

गाण्याच्या बाईंनी दिली एका पक्षी बघत हिंडणाऱ्या माणसाला. त्यांचं म्हणणं असं, की ती बाई त्यांच्या वर्गाला आठवडाभरच आली आणि पाखरं तुमच्यापेक्षा बरं शिकवतात असं सांगून निघून गेली. तेव्हा पाखरांच्या माणसालाच विचारलेलं बरं. मुंगीला नकाशासमोर उभं राहवेना. दोरा सरळसरळ चुकीकडे निघाला होता. आणि पक्षी बघणाऱ्याकडून तर काही निरोपच येईना. तो जंगलात गेला होता आणि कधी येईल हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

ते दिवस घरात कठीण गेले. मुंगी आली की आई दारातच तिच्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा स्वयंपाकघरात जायची. एकदा मुंगीनंच मोबाइल हातात घेतला. पक्षीवाल्याच्या बायकोला एवढंच सांगायचं होतं, की रोपवाटिकांमध्ये विचारा, गुलाबांकडे वळा. बोट नंबरावर होतं. आईनं तो मोबाइल तिच्या हातातून काढून फळीवर ठेवला.

“राहू दे,” ती म्हणाली. “तू ढकललीस तर ती तुझी होईल. आपली आपण येऊ दे.”

आणि ती आली. पक्षीवाला जंगलातून परतला तो दाढी वाढवून आणि मनानं ताजातवाना होऊन. त्यानं लांबलचक निरोप पाठवला, त्यातला निम्मा एका घुबडाबद्दल होता. उरलेल्या निम्म्यात असं होतं, की शिळेचं त्याला काही ठाऊक नाही, पण झाकणावर गुलाब वाचून तो रोपवाटिकेच्या मालकाकडे गेला. मालकानं ‘डावखुरी’ हा शब्द वाचला मात्र, आत जाऊन एक जुनं रोप उचलून आणलं. कलमावरची पट्टी सगळे ज्या बाजूनं गुंडाळतात त्याच्या उलट बाजूनं गुंडाळलेली असायची, अशी रोपं एक बाई पूर्वी त्यांच्याकडे आणून द्यायची. ती आता मुलाकडे राहायला गेली. पत्ता नव्हता. पण तिच्याच सांगण्यावरून मालकानं आपल्या सपाट पायांसाठी एका चर्मकाराकडून बूट शिवून घेतले होते आणि दर वर्षी घेत होता. मोठ्या पायांची बाई त्या चर्मकाराला माहीत नसेल तर कुणाला असेल? मालक डबी घेऊन त्याच्याकडे गेलाही होता.

मुंगीनं टाचणी घेतली आणि चर्मकाराचं गाव शोधायला गेली. शोधावं लागलं नाही. लाल दोरा समुद्र, डोंगर, जंगल करून तिच्याच शहरात परत आला होता.

त्या संध्याकाळी ती घरी होती. आई कणीक मळत होती. ओट्यावर तिचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. आईनं कोपरानंच फोन घेऊन स्पीकर लावला आणि कोण म्हणून विचारलं. पलीकडून शीळ आली. दोन आखूड आणि एक लांब. लांबवालीला शेवटी हवा पुरली नाही, ती मधेच फाटली, पण पुन्हा सावरून पूर्ण झाली.

आई कणकेचे हात तसेच धरून खाली जमिनीवर बसली. बाबा दारात येऊन उभे राहिले.

“उशीर केलास,” आई म्हणाली.

“बस चुकली गं,” पलीकडून आवाज आला.

मग दोघी एकदम बोलायला लागल्या, आणि कोण काय म्हणतंय ते त्या दोघींशिवाय कुणाला कळणं शक्य नव्हतं. कणीक बाबांनी मळली. पोळ्या मुंगीनं लाटल्या. एकही गोल झाली नाही आणि कुणी नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिट्टीमावशी घरी आली. उंच, हाडापेरानं मोठी, पायांत होडीएवढे बूट. आईला तिनं मिठी मारली तेव्हा आईचा चष्मा वाकडा झाला, आणि तो संध्याकाळपर्यंत वाकडाच राहिला. दुपार कलल्यावर मुंगीला आपलं काम आठवलं. मावशी कुणाकुणाला ओळखते, याची चौकशी तिनं मोठ्या नम्रपणे सुरू केली. या शहरात मावशीच्या फारशा ओळखी नव्हत्या. एक चर्मकार, एक दूधवाला, मुलगा. आणि सून. सून काय करते? विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, देवघेवीच्या खिडकीवर.

मुंगीचा पेन थांबला. देवघेवीच्या खिडकीवरच्या त्या बाईंशी तिची चांगली गट्टी होती. पुस्तकं उशिरा परत केल्याबद्दल त्या तिला रागवत आणि मग स्वतःच्या डब्यातलं खायला घालत. त्यांच्या घरी ती दोनदा न कळवता गेलीही होती. दोन्ही वेळा सासूबाई गच्चीवर कुंड्यांत रमलेल्या होत्या.

म्हणजे सगळ्यांत जवळची वाट आईकडून मुंगीकडे, मुंगीकडून ग्रंथालयातल्या बाईंकडे, तिथून गच्चीवर. बस्स. तीन हात. डबीला लागले आठ.

“काखेत कळसा,” बाबा रेडिओत तोंड घालून म्हणाले. पुढचं म्हणायची गरज नव्हती.

मुंगीला आधी शरमल्यासारखं झालं, मग हसू फुटलं ते आवरेना. तिनं आईला विचारलं, की डबी तू मलाच का दिली नाहीस? आई म्हणाली, तुझ्या ओळखी गणितवाल्यांशी, आणि शिट्टी हिशेबात कच्ची. तू तिच्या जवळची असशील असं कुणाच्या मनात येईल?

मुंगी हे वाक्य घेऊन विभागात गेली. त्यात तिच्या निम्म्या कामाचं उत्तर होतं. झाकणावर जे दिसतं त्यावरून माणूस पुढचं पाऊल टाकतो. जवळची वाट असून चालत नाही, ती उभं राहिल्या जागेवरून तशी वाटावी लागते. उरलेल्या निम्म्यासाठी तिनं लाल दोऱ्यावरच्या सगळ्यांना फोन केले. एकच विचारलं, तुम्ही डबी ठेवून का दिली नाहीत? उत्तरं निरनिराळी होती पण आतून एकच. ती बाई सापडते का हे त्यांना बघायचं होतं. नाव, गाव, व्यवसाय वाचून कुणालाच कुणाला शोधावंसं वाटलं नव्हतं. वाकड्या पट्टीचं कलम बांधणारी, मोठ्या पायांची शीळवाली मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. परिषदेतला निबंध पुढे ढकलायला लागेल, असं ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा सुट्टी लागलेल्या पोरासारखा झाला होता.

दुसरी फेरी निघाली तेव्हा प्रत्येक झाकणावर पोचवायच्या माणसानं स्वतःबद्दल चार गमतीच्या गोष्टी लिहिलेल्या होत्या. मला विहिरीची भीती वाटते. मी एका बोटानं टाइप करतो. आमच्याकडे तीन पायांचा कुत्रा आहे. आणि डब्या पळायला लागल्या. काही सरळ गेल्या, काहींनी सगळा मुलूख पालथा घातला. काही अजूनही कुणाच्या खणात झोपल्या, त्याला इलाज नव्हता. पण पोचलेल्या इतक्या झाल्या, की मुंगीला टाचण्या नव्यानं आणाव्या लागल्या. लागलेले हात आणि पुरले असते ते हात यांचा भागाकार करताना ती गुणगुणायची. सर एकदा दारात थांबून ऐकून गेले.

आईनं मग ठरवलं, की लाल दोऱ्यावरच्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं. मुंगी म्हणाली, की एवढी माणसं बसणार कुठे? आईनं पलंग उभा केला.

आले सगळे. प्लंबर बायकोला घेऊन आला आणि त्याची लाँचवरची मेहुणी मोठ्यानं हसत आली. मिस्त्रींना नातीनं धरून आणलं. गाण्याच्या बाई आणि शिट्टीमावशी यांची आधी थोडी चकमक झाली, पाखरांवरून. मग दोघींनी मिळून एक गाणं म्हटलं, एकीनं गळ्यातून आणि एकीनं शिळेतून. ते संपेपर्यंत जिन्यात शेजारी जमले होते. पक्षीवाला ग्रंथालयातल्या सुनेला घुबडाबद्दल सांगत होता आणि ती खरोखर ऐकत होती. चर्मकारानं जमिनीवर कागद पसरून रोपवाटिकेच्या मालकाच्या पायांभोवती पेन्सिल फिरवली, ती सरांच्या कानावरची होती. प्लंबरला नळाचा आवाज आवडला नाही, म्हणून तो जेवता जेवता उठून ओट्याखाली शिरला. बाबांनी मिस्त्रींना रेडिओचं पोट दाखवलं आणि त्यानंतर ते दोघं कुणाच्याच हाती लागले नाहीत.

मुंगी भिंतीला टेकून बघत होती. कोण कोणाचा नंबर घेतंय, कोण कोणाला घरी बोलावतंय. आज सकाळपर्यंत यांच्यात एका लांब दोऱ्यापलीकडे काही नव्हतं. आता एकेकाकडून चारचार दोरे निघत होते. सर ताट घेऊन तिच्याशेजारी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, की हे सगळं जाळं आता बदललं, तुझी आठ आणि तीनची मोजणी उद्यापासून खोटी ठरणार.

“ठरू दे सर,” मुंगी म्हणाली. “पुन्हा मोजू.”

आईनं लांबूनच तिला हाक मारली आणि उभ्यानं काय बोलतेस, आधी जेवून घे, म्हणून दटावलं. मुंगी खाली बसली. तिच्या एका बाजूला लाँचवरची मेहुणी होती. ती शिट्टीमावशीला सांगत होती, की जुनं बंदर पार बदललंय, पण पलीकडच्या काठावर जाणारी सकाळची लाँच अजून तीच आहे, आणि पुढची जागा ती कुणालाही देत नाही, आपल्या माणसांसाठी राखून ठेवते.

दोन दिवसांनी मुंगी कामावर जायला निघाली तर दाराशी आईची पिशवी भरलेली होती. बाहेर रस्त्यावर शिट्टीमावशी आपल्या होडीएवढ्या बुटांत उभी होती. परत कधी येणार, असं मुंगीनं विचारलं. आईनं पायात चपला सरकवल्या, बाबांना औषधाची बाटली दाखवली, आणि बघू म्हणाली. मग जन्मात पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता ती जिना उतरली.